सत्तावीस बाइटांचं संगमेश्वर

कोकण रेल्वेच्या गाड्यांना पावसाळ्यात वेग आवरता घ्यावा लागतो. त्यांचं पावसाळी वेळापत्रकच वेगळं निघतं. पण संगमेश्वर रोड स्थानकाजवळच्या एखाद्या घरात, माजघराच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, भर आषाढातही एक वस्तू ताशी १३० किलोमीटरच्या आसपास फिरत असते आणि घरातल्या कुणालाही त्याचा पत्ता नसतो. ती वस्तू म्हणजे जुन्या डेस्कटॉपमधल्या हार्डडिस्कची तबकडी. व्यास जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर, तोंड दिसेल इतका गुळगुळीत पृष्ठभाग आणि मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. परीघ काढून गुणाकार केला की तबकडीच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ३६ मीटर भरतो.

या फिरत्या तबकडीवर एक इवलंसं टोक तरंगत असतं. ते तबकडीला टेकत नाही. तबकडीबरोबर ओढली जाणारी हवाच त्याला उचलून धरते आणि दोघांत अंतर राहतं ते मोजक्या नॅनोमीटरचं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर; माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. इतक्या जवळून ते टोक तबकडीवरच्या सूक्ष्म चुंबकीय ठिपक्यांची दिशा ओळखतं. ही ओळखण्याची ताकद भौतिकशास्त्रातल्या ज्या शोधामुळे कैक पटींनी वाढली, तो १९८८ साली लागला आणि त्यासाठी आल्बेर फेर आणि पीटर ग्र्युनबर्ग यांना २००७ चं नोबेल मिळालं. 'हार्डडिस्क खरखरतेय' म्हणून आपण ज्या डब्याला हलकेच थापटतो, त्यात हे सगळं चाललेलं असतं. (थापटू नये, हे वेगळं सांगायला नको.)

आता यात कोकणातली नेहमीची गोष्ट मिसळा: वीज गेली. तबकडी थांबू लागली की हवेचा तो आधार सुटणार आणि टोक तबकडीवर आपटणार. पण तसं होत नाही. वीज जाताच डिस्कची मोटर उलटं काम करते. गरगरत्या तबकडीत जी गती उरलेली असते, तिच्यापासून ती क्षणभर वीज तयार करते आणि त्या विजेवर टोक सुरक्षित जागी नेऊन ठेवते. संगमेश्वरात दर पावसाळ्यात कितीदा वीज जाते ते तिथल्यांना ठाऊक आहे. दर वेळी हा छोटा पराक्रम मुकाट्याने घडतो. न साठवलेलं पत्र मात्र जातं, कारण ते डिस्कपर्यंत पोचलेलंच नसतं.

डिस्कच्या झाकणावर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं. शेजारी इंग्रजीत 'हे झाकू नका' असं छापलेलं असतं. आतल्या टोकाला तरंगायला हवा लागते आणि आतबाहेरचा दाब सारखा राहावा लागतो, म्हणून ते भोक. धूळ शिरू नये म्हणून आत गाळणी. गाळणी धूळ अडवते, पुराचं पाणी अडवत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं तेव्हा घराघरांतले संगणकही बुडाले. संगमेश्वरच्या बाजारपेठेलाही शास्त्रीचं पाणी अनोळखी नाही. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: डबा जमिनीवर ठेवू नका.

हा डबा आपल्याकडे आला तो मोठ्या उत्साहाच्या काळात. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी या संगणकसाक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग आधी तालुक्याच्या गावी आणि मग आडगावांतही सुरू झाले. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, कॉलेजातली मुलं, सगळे माउस धरायला शिकले. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा किंवा भाचा लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जोडून आणायचा, किंवा देवरुख-रत्नागिरीच्या दुकानातून 'असेंबल्ड' संच यायचा. त्या डब्यालाच घरोघरी 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू आत पंख्याखाली बसलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा. आणि तो पंधरा वर्षांनीही बहुधा ठणठणीत असतो. 'कॉम्प्युटर स्लो झालाय, नवा घ्यावा' असं घरात निघतं तेव्हा जो घटक स्लो झालेलाच नसतो, त्याचंच नाव घेऊन अख्खा डबा निकालात काढला जातो.

मग संथपणा कुठून येतो? सीपीयूचा एक ठोका किती लहान असतो ते पाहू. तीन गिगाहर्ट्झचा सीपीयू सेकंदाला तीन अब्ज ठोके घेतो. एका ठोक्याच्या वेळात प्रकाश, ज्याच्यापेक्षा वेगवान विश्वात काही नाही, तो जेमतेम दहा सेंटिमीटर जातो. आता हा सीपीयू डिस्ककडे एखादी फाइल मागतो. टोकाला योग्य वर्तुळावर सरकायला सरासरी नऊ मिलिसेकंद लागतात, हवी ती जागा फिरून टोकाखाली यायला आणखी चार. एकूण तेरा मिलिसेकंद. आपल्या डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, पण सीपीयूने तेवढ्यात जवळजवळ चार कोटी ठोके नुसते वाट बघण्यात घालवलेले असतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या मागण्या होतात. जुनं विंडोज कमी मागायचं, नवं जास्त मागतं. त्यात अँटिव्हायरस, ब्राउझर, अपडेट हे सगळे एकाच टोकाला चहूकडून हाका मारतात. तबकडी मात्र पहिल्या दिवशी फिरायची तेवढ्याच वेगाने फिरत असते.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की नवा संच घेण्याआधी डिस्क बदलून पाहावी, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. मागितलेलं ती सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात देते. चार कोटी ठोक्यांची वाट तीन लाखांवर येते. ज्या संगणकाला सुरू व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ लागायचा, तो डिस्क बदलल्यावर अर्ध्या मिनिटात उभा राहिलेला पाहून घरातली माणसं 'आत नक्की काय टाकलंस?' असं विचारतात.

आत टाकलेले असतात कोंडलेले इलेक्ट्रॉन. काचेच्या जातीच्या, वीज न वाहू देणाऱ्या पातळ थराआड एक सूक्ष्म कप्पा असतो. विद्युतदाब देऊन इलेक्ट्रॉन त्या थरातून पलीकडे ढकलले जातात. भिंत न फोडता, भिंतीतूनच. रोजच्या अनुभवात बसत नाही, पण पुंजभौतिकीत बसतं, आणि संगमेश्वरातल्या टेबलावर ते रोज घडतं. एकदा आत गेले की वीज बंद झाली तरी ते तिथेच राहतात. कप्प्यात किती इलेक्ट्रॉन आहेत यावरून काय लिहिलंय ते कळतं. आजच्या बहुतेक घरगुती एसएसडी एका कप्प्यात आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखतात, म्हणजे एका कप्प्यात तीन बिट मावतात. या फ्लॅश स्मृतीचं श्रेय जपानच्या तोशिबातले अभियंता फुजिओ मासुओका यांच्याकडे जातं. १९८० च्या दशकात त्यांनी ती घडवली.

डिस्क सोडली तर जुन्या डब्यात म्हातारपण येतं ते भलत्याच ठिकाणी. सीपीयू आणि त्यावरचा धातूचा उष्णतावाहक यांच्यामधली पेस्ट सुकते. पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि दमट हवा मिळून चिकट थर बसतो. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी टोकांवर मळ धरतो. संगणक सुरूच होत नाही, नुसता बीप-बीप करतो, आणि दुरुस्तीवाला येऊन पट्टी काढून खोडरबरने घासून परत बसवतो की चालू! यात जादू नाही. टोकांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, खोडरबर त्यावरचा मळ काढतं. पण दर वेळी थोडा मुलामाही निघतो, तेव्हा हा उपाय जपून करावा.

सगळ्यात नाजूक असतात ते कपॅसिटर, मदरबोर्डावरची छोटी उभी नळकांडी. सीपीयूला वीज लागते साधारण एका व्होल्टची, पण ५० अँपियरहून अधिक, आणि तीही क्षणात कमी, क्षणात जास्त. पन्हळीतून येणारं पाणी हौदात घेऊन मग नळाला सारख्या धारेने द्यावं, तसे हे कपॅसिटर वीज साठवून एकसारखी देतात. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू आटतो. साध्या कपॅसिटरचं आयुष्य १०५ अंशांना २,००० तास असं दिलेलं असतं. तापमान उतरलं की दर दहा अंशांमागे आयुष्य दुप्पट होतं. हिशेब करून पाहा. धुळीने कोंडलेल्या डब्यात कपॅसिटर ८५ अंशांवर राहिला तर ८,००० तास, म्हणजे रोज चार तास वापरलं तर साडेपाच वर्षं. हाच ६५ अंशांवर ठेवला तर ३२,००० तास, बावीस वर्षांच्या आसपास. हा एवढा फरक वर्षातून एकदा झाकण उघडून ब्रशने धूळ काढण्याने पडतो. कपॅसिटरचा माथा सपाट असायला हवा. तो फुगलेला दिसला तर समजावं की आता बोर्डाचे दिवस भरत आले.

आणखी एक बिघाड असा आहे की तो समजला नाही तर चांगला चालता संगणक भंगारात जातो. एके दिवशी कुठलंही संकेतस्थळ उघडायला गेलं की 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो. बँक उघडत नाही, सातबारा उघडत नाही. सगळे म्हणतात, व्हायरस आला. खाली उजव्या कोपऱ्यात पाहावं: तारीख बरीच मागची, कित्येक वर्षांपूर्वीची झालेली असते. बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. संगणक बंद असताना घड्याळ चालवणं हे त्याचं काम. त्याच्या सोबतीला क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरत असतो. हा आकडा उगीच निवडलेला नाही. ३२,७६८ चं निम्मं, पुन्हा निम्मं, असं पंधरा वेळा केलं की उरतो बरोबर एक. म्हणजे सेकंदाला एक टिक. सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि मग बँकेच्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र, ज्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ग्राह्य' असं असतं, ते संगणकाला भविष्यातलं वाटतं. तो विश्वास ठेवायला नकार देतो आणि त्याच्या घड्याळाप्रमाणे बरोबरच करतो. नवा सेल चाळीस-पन्नास रुपयांत येतो.

पण याच प्रमाणपत्रांची दुसरी बाजू म्हणजे जुन्या संगणकाचं खरं वय. यंत्रात कुठल्या प्रमाणपत्रसंस्थांवर विश्वास ठेवायचा याची यादी असते आणि त्या यादीतली मूळ प्रमाणपत्रंही कालबाह्य होतात. ३० सप्टेंबर २०२१ ला अशा एका सर्रास वापरातल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ज्या जुन्या यंत्रांची यादी ताजी नव्हती, त्यांच्यावर अनेक संकेतस्थळं एकाएकी उघडेनाशी झाली. यंत्रात काहीही बिघडलं नव्हतं. बाहेरच्या जगाने करार बदलला होता. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय लागते, आणि इंटेलचा सीपीयू असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. २०१७ च्या आधीची बहुतेक यंत्रं इथे अडतात. ज्या घरातून बँकेचे व्यवहार होतात तिथे हे हसण्यावारी नेऊ नये. अशा घराने नवा संच घ्यावा, किंवा जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून घ्यावं. मराठी त्यावरही उत्तम चालते.

नवा घ्यायचा ठरलाच तर त्यातल्या सीपीयूकडे क्षणभर बघावं. १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते, २००६ च्या कोअर टू ड्युओत २९ कोटी; आज हा आकडा अब्जांत जातो. इतक्या बारीक रेषा कोरायला १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि तो मिळवण्यासाठी नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या वेगाने सोडून प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा करतात. उडत्या थेंबावर, नेम न चुकता.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं त्याकडे वळतो: जुन्या संगणकातलं मराठी. फोटो आणि गाणी नव्या यंत्रावर बिनतक्रार उघडतात. मराठी फाइलींचं तसं नाही. शिमग्याच्या पालखीची पत्रिका, देवस्थानचा हिशेब, आजोबांनी सांगून टाइप करून घेतलेली वंशावळ नव्या संगणकावर उघडली की पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

कारण असं. संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. युनिकोड येऊन रुळेपर्यंतच्या काळात मराठीसाठी सोपी युक्ती केली गेली: इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रं बसवायची. कृतिदेव ०१० या फाँटमध्ये 'संगमेश्वर' लिहिलं तर डिस्कवर प्रत्यक्षात जातं ते असं: एल, ए, एक्स, ई, एस, मग एकेरी अवतरणचिन्ह, ओ आणि जे. आठ बाइट. फाँट जागेवर असेपर्यंत त्याचं संगमेश्वर दिसतं. फाँट काढला की मागे उरते ती निरर्थक इंग्रजी माळ. श्रीलिपी, शिवाजी, सुरेख या प्रत्येकाची बसवणूक वेगळी, म्हणून एकाची फाइल दुसऱ्याला वाचता यायची नाही.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक दिला. १९८८ मध्ये भारतात ठरलेल्या 'इस्की' या मानकाची मांडणी त्याने देवनागरीसाठी पायाभूत धरली. त्यात संगमेश्वर असं: २३६०, २३०६, २३२७, २३५०, २३७५, २३५८, २३८१, २३५७, २३५२. नऊ क्रमांक, प्रत्येकी तीन बाइट, एकूण २७. नीट पाहिलं तर या यादीत 'श्व' कुठेच नाही. २३५८ म्हणजे श, २३८१ म्हणजे हलन्त, २३५७ म्हणजे व. जोडाक्षर डिस्कवर नसतंच. आपण वाचतो त्या क्षणी फाँट ते जुळवतो आणि रेखतो. विंडोज २००० पासून ज्या 'मंगल' फाँटने हे काम लक्षावधी पडद्यांवर केलं, तो घडवला आपल्या र. कृ. जोशींनी, सुलेखनकार आणि मराठी कवी असलेल्या माणसाने. आठ बाइटांच्या जागी सत्तावीस लागतात हे खरं, पण ते सत्तावीस बाइट टोकियोत, टोरांटोत, कुठल्याही फोनवर संगमेश्वरच राहतात. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे २१६ बिट. एसएसडीच्या हिशेबात ७२ कप्पे. त्यांत मावतील तेवढ्या इलेक्ट्रॉनांवर एक गाव.

म्हणून जुना संगणक चालतोय तोवर, फाँट त्यावर आहेत तोवर, प्रत्येक मराठी फाइल एकदा उघडावी, कुठल्या फाँटमध्ये आहे ते लिहून ठेवावं, फाँटची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा. असे रूपांतरक फुकट मिळतात. मग जुनी फाइल शेजारी ठेवून ताडून पाहावी, विशेषतः ऱ्हस्व इकार आणि रफार. जुन्या फाँटांत ऱ्हस्व इकार टाइपरायटरसारखा अक्षराच्या आधी उमटवत, युनिकोडमध्ये तो अक्षरानंतर येतो. रफाराचंही तसंच, जुन्यांत तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. रूपांतर नेमकं तिथे घसरतं. महत्त्वाच्या कागदांची एक पीडीएफही करून ठेवावी.

हे झालं की रिकामा डबा अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. परसात जाळू किंवा पुरू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. जुना जाडजूड मॉनिटर असेल तर त्याच्या काचेत शिसं असतं, तो विहिरीच्या आसपास अजिबात नको. या कचऱ्यात सोनंही असतं: टोकियो ऑलिंपिकची पदकं जपानने लोकांकडून गोळा केलेल्या जुन्या उपकरणांतून घडवली, सुमारे ७९ हजार टन उपकरणांतून ३२ किलोच्या आसपास सोनं मिळालं.

जुनी हार्डडिस्क मात्र देऊ नये. एसएसडीतले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास निसटू लागतात. लेखनाची क्षमता पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांना वर्षभर माहिती धरून ठेवावी, एवढीच मानकाची अपेक्षा आहे, आणि आपल्या वैशाखात बंद कपाटाचं तापमान ३० अंशांत राहत नाही. तबकडीवरचे चुंबकीय ठिपके या बाबतीत अधिक चिवट. तेव्हा जुनी डिस्क स्वस्तातल्या यूएसबी केसमध्ये घालावी, सगळ्याची दुसरी प्रत तिच्यावर ठेवावी, दमटपणा शोषणारी पुडी घालून घट्ट झाकणाच्या डब्यात माळ्यावर ठेवावी. गणपतीत घर भरलेलं असताना ती वर्षातून एकदा जोडून फोटो उघडून पाहावेत, आणि परत निघालेल्या चाकरमान्याच्या पिशवीत तिसरी प्रत मुंबईला द्यावी.